गौराईच्या टोपलीतला नमुना

मातीची थैली हरवली की माझं डोकं फिरतं. सोनं हरवलं तर दुकानात नवं मिळतं. वीस फुटांखालची माती हरवली तर पुन्हा भोक पाडावं लागतं, आणि तेही सुरतेच्या उन्हात! मी तेजस्विनी. बांधकामाआधी जमीन तपासणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. घराला कसला पाया लागेल ते मी माती बघून सांगते. लोक मात्र आधी ज्योतिषाकडे जातात, मग माझ्याकडे येतात, आणि दोघांचं जुळलं नाही तर खोटी मीच ठरते.

या वेळी अर्धी थैली हरवली ती गजेंद्रच्या प्लॉटवरची. दिंडोलीच्या पुढे, खाडीच्या अंगाला त्यानं जागा घेतली होती. गजेंद्र लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मास्तर. त्याची आई सरलाबाई लग्न होऊन अमळनेरकडच्या खेड्यातून आली ती थेट सुरतेतल्या नवागामच्या भाड्याच्या खोलीत, आणि अजून तिथेच. स्वतःचं घर हे तिचं आयुष्यभराचं वेड.

बोअरिंगच्या दिवशी ती नारळ, हळदकुंकू आणि चहाची किटली घेऊन हजर. आमच्या मगनभाईच्या मशिनला तिनं कुंकू लावलं. वर आलेल्या प्रत्येक थैलीत डोकावत ती विचारायची, "हाई बठ्ठी मन्हा घरनी माटी?"

"हो काकू, सगळी तुमच्याच घरची," मी कौतुकानं म्हणायचे. संध्याकाळी लॅबमध्ये मगनभाईनं थैली उचलली नि म्हणाला, "बेन, आ तो अडधी छे." मी त्यालाच झापलं. बिचाऱ्यानं कुलदेवीची शपथ घेतली तरी माझा राग गेला नाही.

पुढच्या आठवड्यात गजेंद्रचा फोन आला. "मॅडम, लवकर या. माय प्लॉट विकायला निघालीये. संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय."

नवागामच्या गल्लीत आखाजीची तयारी चालली होती. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, गौराई बसवतात, तिच्यासाठी टोपलीत माती घालून गहू पेरतात. दारोदार ते कोवळे, पिवळेहिरवे कोंब दिसत होते. सरलाबाईच्या घरात मात्र सुतक असल्यासारखं वाटत होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, समोर टोपली. टोपलीत करडी, गुळगुळीत माती, तिच्यावर पांढरट पापुद्रा, आणि गव्हाचा एकही कोंब नाही.

"भुई नको म्हनी ऱ्हायनी, ताई," ती म्हणाली. "नवा घरनी माटी म्हनीसन मी तिन्हामा गौराईना गहू पेरात. एक बी दाना ऊगना नही. जी भुई गौराईले नको म्हनस, ती माले काय घर देई?"

मी टोपलीजवळ वाकले. मातीत शिंपल्याचा कण चमकत होता. ही माती मी हजारात ओळखली असती.

"काकू! ही माझी माती आहे!"

"तुन्ही कशी? प्लॉट मन्हा पोऱ्याना शे."

 तिचं बरोबरच होतं. मी राग गिळून समजावायला बसले. "ही फार खालची माती. खाडीचं खारं पाणी तिच्यात मुरलंय. मिठाच्या बरणीत गहू पेरलात तरी हेच होणार."

"म्हंजे खारी बी शे?" सरलाबाई ताठ झाली. "मंग तर इकीच टाकू!"

गजेंद्रनं कपाळावर हात मारून घेतला. मी गेले होते आग विझवायला, आणि हातात रॉकेलचा डबा! मला इतका संताप आला की आवाज आपोआप चढला.

"काकू, तुमच्या गावाला घरं कुठे आहेत? शेतात?"

"शेतमा कोन घर बांधस?" तीही चढ्या आवाजात म्हणाली. "शेत काळीमा. घर पांढरीमा."

"आणि पांढरीत गहू येतो?"

"येडी शे का तू? पांढरीमा गहू कसा ई? ती तं मानसंस्नी जागा..."

 बाजूच्या खात्यातले लूम खटाखट चालले होते. तिनं टोपली मांडीवर ओढली आणि वरचा पांढरा पापुद्रा अंगठ्यानं हळूच चोळला.

"म्हंजे हाई पांढरी शे?"

"ते मी नाही सांगणार," मी म्हणाले. खोटा धीर द्यायला मला आवडत नाही. "घर पेलेल की नाही ते पूर्ण तपासल्यावरच कळेल. पुन्हा भोक पाडू द्या. आणि या वेळी थैलीला हात लावायचा नाही."

तिनं गजेंद्रकडे बघितलं. "गिऱ्हाईकले सांग, येऊ नको."

दुसऱ्या बोअरच्या वेळी मगनभाईला राखणदाराची गरजच पडली नाही. सरलाबाई छत्री उघडून थैल्यांपाशी ठाण मांडून बसली होती. शेजारच्या प्रमिलाबाई "चिमूटभर दे व" म्हणत आल्या, तर हिनं छत्रीच उगारली. "लॅबनी माटी शे! हात लावू नको!" मगनभाई इतका हसला की झापल्याबद्दल त्यानं मला तिथेच माफ करून टाकलं.

मऊ चिकणमातीच्या खाली घट्ट वाळूचा थर लागला. खोल पाइल, म्हणजे त्या वाळूपर्यंत जाणारे खांब, घेतले तर वर एक मजलाही चढवता येईल, असा रिपोर्ट आला. एरवी मी मेल करून मोकळी होते. या वेळी स्वतः सांगायला गेले.

सरलाबाई प्लॉटवरच होती, सडा टाकत. ऐकल्यावर तिनं ओल्या हातानं माझे दोन्ही गाल धरले आणि माझा चष्मा पार चिखलाचा करून टाकला. मग मुलीला, नवापूरला दिलेल्या सोनालीला, फोन लावला.

"सोनाली, आखाजीले गावले ये."

फोन स्पीकरवर होता. "गावले? माय, तठे आते आपलं कोन शे?"

सरलाबाईनं त्या रिकाम्या जमिनीकडे पाहिलं.

"तठे नही व. आठे. आपलं गाव आते सुरत शे."

माझे बाबा पस्तीस वर्षं सुरतेत बँकेत होते, आणि अजूनही कुणी विचारलं तर गाव सातारा सांगतात. मला एकदम भरून आलं. चष्मा पुसायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली.