ताटातला वाटा

"चपला काढा, मोबाईल बाजूला ठेवा आणि समोर बघा," प्रेरणा मॅडम म्हणाल्या.

रत्नमालानं मोबाईल नवऱ्याच्या, खंडेरावाच्या हातात दिला आणि श्वास रोखून वजनकाट्यावर उभी राहिली. श्वास रोखून वजन कमी भरत नाही हे तिला माहीत नसावं, किंवा माहीत असूनही माणूस करून बघतोच. काट्यानं अठ्ठ्याहत्तर दाखवलं. मागच्या महिन्यातही अठ्ठ्याहत्तरच होतं.

"काटा बिघडला आसंल," ती उतरता उतरता म्हणाली.

"सकाळी मी उभी राहिले होते. माझं बरोबर दाखवलं त्यानं."

रत्नमाला खंडेरावाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

तिला सत्तरच्या आत यायचं होतं, आणि ते हौसेपायी नव्हे. खंडेरावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसशॉपमधली नोकरी सुटली होती आणि आठवड्यातून दोनदा वाळूजहून शहरात डायलिसिसला यावं लागत होतं. किडनी द्यायला त्याची आई बानाबाई आधी पुढं झाली होती, पण तिचं वय बसेना. रत्नमालाचं वय बसत होतं, रक्तगट बसत होता, नुसतं वजन बसत नव्हतं. एक किडनी काढल्यावर उरलेल्या एकीला हे सगळं शरीर जन्मभर वागवायचं आहे, तेव्हा सत्तरच्या आत आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. खंडेराव दिवसेंदिवस उतरत चालला होता, त्यामुळं फार वाट बघण्यातही अर्थ नव्हता.

हे ऐकून रत्नमालानं आधी जे केलं, ते आपल्याकडची कुठलीही बाई करेल. तिनं उपास धरले. सोमवार, गुरुवार, शनिवार. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी आणि वर बटाट्याचा कीस. देवाधर्माचं बरंच झालं आणि वजन किलोभर वाढलं. तेव्हा दवाखान्यात आहाराचं बघणाऱ्या या प्रेरणा मॅडमनी तिला समोर बसवून सगळं समजावून दिलं. शरीराला रोज ठरावीक जळण लागतं, ते कॅलरीत मोजतात. लागतं त्यापेक्षा थोडं कमी दिलं, की बाकीचं ते अंगावरच्या चरबीतून काढून घेतं. रोज थोडी तूट पडली पाहिजे. उपाशी राहायचं नाही, पण रोज थोडी.

"म्हंजी बाजारातून कमी आणायचं, मंग कणगीतलं निघतंय," रत्नमाला म्हणाली होती.

"बरोब्बर. आणि कणगी भरलेली आहे तुमची."

तेव्हा दोघी हसल्या होत्या. आज कुणी हसलं नाही.

"काल काय काय खाल्लं, सांगा बरं," मॅडम म्हणाल्या.

"सकाळी बिनसाकरेचा च्या. मंग खानावळीत भाकरी थापाया गेले. तिथं तोंडात कायबी घातलं नाय, आईशप्पथ. दुपारी एक भाकर, भाजी, काकडी. रातच्याला आर्धी भाकर आन वरण. संपलं."

वाळूजच्या एका खानावळीत ती कंपन्यांत काम करणाऱ्या पोरांसाठी रोज टोपल्या भरभरून भाकरी थापायची. एवढी मेहनत आणि एवढंसं जेवण, यात वजन उतरायलाच हवं होतं. पेशंट खोटं बोलतात, हे मॅडमना सवयीनं ठाऊक होतं. ही बाई मात्र खोटं बोलत असेल असं वाटत नव्हतं. त्यांनी दुसरी फाईल पुढं ओढली. खंडेरावाचा आहारही त्याच बघायच्या. डायलिसिस करून अंगातलं पाणी काढल्यावर त्याचं जे खरं वजन उरायचं, ते दोन महिन्यांत चांगलंच घसरलं होतं.

"खंडेराव, जेवण जातंय का तुम्हाला?"

"जातंय की," खंडेराव म्हणाला.

"ताटात उरतं काही?"

"नाय. ताट साफ आसतंय."

"साफ कोण करतं?"

खंडेरावानं हातातला मोबाईल उगाच उलटा केला, सुलटा केला. उत्तर रत्नमालानं दिलं, तेही अगदी सहज.

"म्या. त्यांच्याच ताटात जेवती ना म्या, लगीन झाल्यापासून."

पाचोडजवळच्या त्यांच्या गावात नवरा जेवून उठला की त्याच ताटात बायकोनं बसायचं, अशी रीत होती. नवऱ्यानंही ताटात तिच्यासाठी काहीतरी ठेवून उठायचं. ताट कोरडं करून उठणाऱ्या गड्याला बाया मागं नावं ठेवायच्या. खंडेराव बोलघेवडा कधीच नव्हता, बायकोचं कौतुक करणं वगैरे त्याला जमलं नसतं. पण मटणाची एखादी फोड, घट्ट दह्याचा चमचा, भाकरीचा खरपूस पापुद्रा तो न चुकता ठेवायचा. गाव सुटलं, कंपनी आली आणि गेली, तरी हे चालूच होतं.

"मग हे मला का नाही सांगितलंत?" मॅडमनी विचारलं.

"ते काय जेवण हाय व्हय? ते ताट आवरणं झालं."

"असतं काय त्यात?"

"आसतंय भाकर, वरण. आंड्याचं पांढरं आसतंय."

"अंडी यांच्यासाठी सांगितली होती मी," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी खंडेरावाकडं पाहिलं.

"आता कसं सांगू मॅडम," खंडेराव फरशीकडं बघत म्हणाला. "दिवसभर जाळापुढं उभी ऱ्हाती ही. आन माझ्यापायी आर्धी भाकर खायली. मला घासच उतरंना. म्हनून जरा जास्तीचं ठिवीत गेलो."

रत्नमाला त्याच्याकडं बघतच राहिली. "आवं, मला वाटलं तुमाला जाइना म्हनून उरायलंय! आन आजारी मानसाच्या ताटातलं टाकू कसं म्या? कुत्र्याला घालू?"

मॅडमनी दोन्ही फायली मिटल्या. रागवावं असं काही सापडत नव्हतं आणि कौतुक करण्याची ही जागा नव्हती. "तूट पडतेय," त्या म्हणाल्या. "अगदी सांगितली तशी पडतेय. फक्त ती यांच्या अंगात पडतेय, रत्नमालाताई. यांचं वजन तुमच्याकडं चाललंय."

बाहेर येईपर्यंत रत्नमालानं कसंबसं धरून ठेवलं. रिक्षाच्या थांब्यापाशी आल्यावर मात्र ती पदर तोंडाला लावून रडली. आपण नवऱ्याच्या तोंडचं खात होतो, हे तिला सहन होईना. खंडेराव मोबाईल हातात धरून शेजारी उभा राहिला.

त्या दिवसापासून घरात दोन ताटं मांडली जाऊ लागली. बानाबाईला ते मुळीच पटलं नाही.

"गडी आजारी पडला आन तू त्याचं ताट सोडायलीस?" ती म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"लोकांची किडनी जुळत नाय, आत्याबाई," रत्नमाला म्हणाली.

बानाबाईचं खरं दुखणं निराळंच होतं. आपली किडनी चालली नाही आणि सुनेची घ्यावी लागते, हे तिच्या मनातून जात नव्हतं. "बायकोच्या अंगातलं काढून गड्याच्या अंगात घालायचं. आसं कुटं आसतंय? आमच्यात गडी बायकोचं उष्टं बी खात नाय," असं ती भाजी निवडता निवडता भिंतीला सांगत बसायची.

दोन ताटांचा त्रास खंडेरावालाच जास्त झाला. तोंडाला चव नसायची, त्यात पोटातलं पाणी वर यायचं. तरी बायको समोर बसून असायची, त्यामुळं सगळं संपवणं भाग होतं. पहिले काही दिवस सवयीनं त्याचा हात शेवटच्या घासाशी थांबायचा. मग रत्नमाला ताट परत त्याच्याकडं सरकवायची.

"संपवा."

"ऱ्हाऊ दे ना येवढं."

"संपवा म्हनलं ना."

भुकेचं तिला फारसं काही वाटलं नाही. काकडी खाऊन, ताक पिऊन भूक मारता येते. त्याचं पुसून खाल्लेलं ताट उचलताना मात्र तिला रोज वाईट वाटायचं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्या ताटात तिच्यासाठी काही राहिलेलं नसायचं. हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, आणि दाखवलं असतं तर त्यानं पुन्हा ठेवायला सुरुवात केली असती. ती मुकाट्यानं ताट घासून ठेवायची.

वजन हळूहळू उतरलं. मध्येच अडून बसलं, पुन्हा उतरलं. चुलतभावाच्या लग्नात तिनं बुंदी परतवली तेव्हा पंगतीत वाढणारे रुसले. ब्लाउज ढिले झाले. खानावळीचा मालक राजकुमार तिला म्हणाला, "ताई, तुमालाबी काय झालं का?" तिकडं खंडेरावाचं खरं वजन थोडं वर आलं आणि त्याचा चेहरा जरा माणसात आला. ऐन उन्हाळ्यात काट्यानं एकोणसत्तर दाखवलं. मॅडमनी तिला दोनदा उतरवलं, दोनदा चढवलं, आणि मग डॉक्टरांना फोन लावला.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिघं दुपारचं जेवायला बसली. दोडक्याची भाजी होती, ज्वारीची भाकरी होती. खंडेरावानं आपलं ताट बोटानं निपटून खाल्लं आणि तो हात धुवायला उठणार, तेवढ्यात रत्नमाला जेवता जेवता थांबली. तिच्या ताटात चतकोर भाकर होती आणि थोडी भाजी. तिनं ते ताट उचलून त्याच्यापुढं सरकवलं.

"पोट भरलं माझं," ती म्हणाली. ते खरं नव्हतं, आणि ते तिघांनाही कळत होतं.

बानाबाईचा हात तोंडाशीच थांबला. "रत्नमाला," ती म्हणाली.

खंडेरावानं आईकडं पाहिलं, मग ताटाकडं पाहिलं. त्यानं पुन्हा मांडी घातली, ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली. तो सावकाश जेवला. भाजी संपल्यावर शेवटचा तुकडा कोरडाच उरला.

बानाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. खंडेरावाला दिवसभरात मोजकंच पाणी चालायचं, त्याची बाटली फळीवर वेगळी ठेवलेली असायची. तिनं त्यातलं घोटभर पेल्यात ओतलं आणि पेला आणून बायकोच्या ताटात जेवणाऱ्या लेकापुढं ठेवला.

"घे," ती म्हणाली. "कोरडी भाकर हाय, ठसका लागंल."