बोडणातली शेव

आमच्या ह्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं, पण त्याचा खरा त्रास सुरू झाला दोन वर्षांपूर्वी, देवासच्या आमच्या घराचा वरचा मजला पाहुण्यांना द्यायला लागलो तेव्हापासून. मुलगा विहंग बेंगळुरूला, वर दोन खोल्या रिकाम्या, आणि गच्चीतून माताजीची टेकडी समोर दिसते. विहंगनंच फोटो काढून ॲपवर टाकले. गावभर दत्तोपंत म्हणून ओळखले जाणारे आमचे हे बँकेतून निवृत्त होऊन कंटाळले होते, ते एकदम यजमान झाले. पाहुण्यानं काहीही मागावं आणि ह्यांनी “हो जाएगा भिया” म्हणावं. पुढचं सगळं मला करावं लागतं.

लोकांच्या मागण्यांना धरबंध नसतो. मोहनखेड्याच्या जैन तीर्थाला निघालेलं एक कुटुंब दोन दिवस उतरलं होतं. वर कांदा-लसूण चालणार नाही, हे मला मान्यच होतं. पण खालच्या फोडणीचा वास जिन्यातून वर येतो, तर तुम्हीही दोन दिवस कांदा चिरू नका, असं त्या बाईंनी हात जोडून सांगितलं. ह्यांनी मान डोलावली आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात बिनकांद्याचं पिठलं ढवळत बसले. मनावर गावच्या एका गृहस्थांनी येताना दोन पोती मिरच्या आणल्या आणि आमच्या गच्चीत वाळत घातल्या. राहायला आलोच आहोत तर एवढं चांगलं ऊन वाया का घालवायचं, असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यावरही चार दिवस आम्ही शिंकत होतो. एका नव्या जोडप्याला वरच्या खोलीतल्या आजेसासऱ्यांच्या फोटोची लाज वाटायला लागली, तो भिंतीकडे तोंड करून टांगा म्हणाले. संस्थानात ज्यांनी भल्याभल्यांना ताटकळत उभं केलं, ते आमचे आजेसासरे दोन दिवस भिंत बघत राहिले.

आणि ते फत्तेसिंग नावाचे ठेकेदार. माझ्या आईनं स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी चुकून वर गेली होती. सकाळी महाशय खाली आले, म्हणाले, इतकी गाढ झोप जन्मात लागली नव्हती, ही मला विकत द्या. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी असा काही नकार दिला की समोरच्या परचुरे वहिनी खिडकीत आल्या. त्या दिवसापासून गोधडी माळ्यावरच्या ट्रंकेत आहे.

तर अख्खा माळवा माझ्याकडे हक्कानं मागतो. एकच बाई अशी, जिनं चार वर्षांत माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाही. ती माझी सून, किमया.

स्वभावानं गोड आहे, मी खोटं बोलणार नाही. येते, वाकून नमस्कार करते, स्वतःचा कप स्वतः विसळते, निघताना चादरींच्या घड्या घालून पायाशी ठेवते. “किमया, काही हवं का?” म्हटलं की ठरलेलं उत्तर: “काही नको, आई. तुम्ही बसा.” पहिल्या वर्षी मला त्याचं कौतुक वाटलं. दुसऱ्या वर्षी ते टोचायला लागलं. चादरीच्या घड्या पाहुणे घालतात. आपल्या घरात माणूस ओरडून टॉवेल मागतो, चहात साखर कमी पडली म्हणून तोंड वाकडं करतो. ही माझ्या घरात राहून जाते, राहत नाही. एकदा हे ह्यांना सांगताना मला रडू आलं. ह्यांनी नेहमीप्रमाणे “हो जाएगा” म्हटलं, पण या बाबतीत त्यांच्याही हातात काही नव्हतं.

यंदा मार्गशीर्षात विहंग, किमया आणि पाच महिन्यांचा चिंटू चार दिवसांसाठी आले, आणि मी ठरवूनच टाकलं की या खेपेला बोडण घालायचं. आमच्यात लग्न झालं, मूल झालं की बोडण घालतात. परातीत अन्नपूर्णा ठेवायची, तिच्यावर पुरण, दूध, दही, तूप, मध घालायचं, आणि चार सवाष्णी व एक कुमारिका यांनी सगळ्यांनी मिळून ते हातांनी कालवायचं. कालवता कालवता कुमारिकेला विचारायचं, काय हवं? ती म्हणेल ते घालायचं, आणि ती ‘पुरे’ म्हणेपर्यंत कुणी हात काढायचा नाही. पुरुषांनी त्या खोलीत फिरकायचं नाही. लग्नानंतरचं बोडण रजा नाही म्हणून राहिलं होतं. मला आपलं वाटत होतं, या पोरीचे हात एकदा आमच्या परातीत कोपरापर्यंत भरले की ती आमच्यात येईल. याला शास्त्रात आधार असेल की नाही, मला ठाऊक नाही.

शुक्रवार ठरला. शनिवारी त्यांचं विमान होतं. सवाष्णी म्हणजे मी, किमया, परचुरे वहिनी आणि धारच्या वन्सं. कुमारिका म्हणून वन्संची नात स्वानंदी यायची होती. गुरुवारी संध्याकाळी वन्सं बसमधून एकट्याच उतरल्या. स्वानंदीला कांजिण्या निघाल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी मी ओळखीच्या एकूण एक मराठी घरांत फोन केले. कुणाची नात पुण्याला, कुणाच्या नातीची परीक्षा, कुणाकडे नुसतेच नातू. शेवटी किमया हळूच म्हणाली, “राहू दे ना, आई. माझ्यासाठी कशाला एवढा त्रास?” झालं. पुन्हा तेच पाहुण्याचं बोलणं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि नेमकी त्याच वेळी जिन्यावरून हाक आली, “आजी, आज तो झूला मिलेगा?”

ही चिऊ. वय वर्षं सात. तिचे वडील दीपेश नुकतेच इथल्या कारखान्यात लागले होते, क्वार्टर मिळेपर्यंत नऊ दिवस आमच्या वर राहत होते. आई जया, मूळची जळगावची. आणि चिऊ म्हणजे मागण्यांची खाण. तिला आमचा ओसरीवरचा झोपाळा हवा, ह्यांची कवळी ग्लासात कशी दिसते ते बघायचं, एक दिवस आम्ही वर आणि त्यांनी खाली अशी घरांची अदलाबदल हवी. गोधडीच्या प्रकरणानंतर पाहुण्यांनी खाली यायचं नाही हा माझा नियम, त्यामुळे मी सहा दिवस तिला जिन्याच्या चौथ्या पायरीवरूनच परत पाठवत होते.

आता मी तोच जिना चढले. जयाला सगळं सांगितलं. ती बिचारी लगेच म्हणाली, “काकू, आमच्यात हे करत नाहीत, पण चालत असेल तर घेऊन जा ना.” चिऊ मात्र सौदा करायला बसली.

“मेरेको क्या मिलेगा?”

“तिथे तुलाच विचारतात, काय हवं म्हणून.”

“कुछ भी?”

“काहीही,” मी म्हटलं. घाईत होते, तोंडातून गेलं.

खाली वन्संनी चष्म्यावरून चिऊकडे बघितलं आणि मला आत बोलावून विचारलं, कोण, कुठली, आडनाव काय. मी म्हटलं, “वन्सं, सात वर्षांची आहे, आंघोळ केलेली आहे, आणि दुसरी कुणी नाही.” वन्संनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, “परकर-पोलकं आहे का एखादं?” स्वानंदीचं त्यांच्याच पिशवीत होतं.

पुरुषांना बाहेर काढलं. विहंग चिंटूला घेऊन गच्चीत गेला, हे ओसरीवर बसले. दार लोटलं. पाचही जणींनी परातीत दोन्ही हात घातले. पुरण कोमट होतं, दूध-दही पडलं तसं सगळं गुळगुळीत झालं आणि चिऊ खदखदून हसली. मी विचारलं, “काय हवं?” शिकवल्याप्रमाणे ती म्हणाली, “दूध.” परचुरे वहिनींनी उजवा हात परातीतच ठेवून बरबटलेल्या डाव्या हातानं दूध ओतलं. “अजून काय हवं?” दही. मध. तूप. सगळं छान चाललं होतं.

“अजून काय हवं?”

चिऊनं आजूबाजूला बघितलं. शिकवलेलं संपलं होतं. “शेव.”

मी समजुतीच्या सुरात म्हटलं की बाळा, साखर माग. ती म्हणाली, “आपने बोला था कुछ भी. शेव के बिना कैसा लगेगा?”

मी वन्संकडे बघितलं. सोवळ्याओवळ्यावरून ज्यांनी आपल्या सख्ख्या जावांशी अबोला धरला, त्या आमच्या वन्सं. त्यांच्या कपाळावर आठी चढली आणि हळूहळू उतरली. साठ वर्षं माळव्यात काढलेली बाई, त्यांनी तरी शेवेशिवाय पोहे कधी खाल्लेत? “कुमारिकेनं मागितलंय,” त्या म्हणाल्या. “आता नाही म्हणता यायचं नाही.”

घरात शेव नव्हती आणि कुणालाच हात काढायचे नव्हते. मी दाराकडे तोंड करून हाक मारली, “अहो, शेव आणा. आत्ता.”

बाहेरून आवाज आला, “हो जाएगा. साधी की लौंगवाली?”

“लौंगवाली, दादाजी,” चिऊ म्हणाली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मग आम्ही पाच जणी परातीत हात घालून वीस मिनिटं बसलो. फोन उचलता येत नव्हता, पदर सावरता येत नव्हता, उठता येत नव्हतं. चार वर्षांत किमया माझ्यासमोर इतका वेळ नुसती बसलेली मला आठवत नाही. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी मिरच्यांची पोती सांगितली. मग भिंतीकडे तोंड केलेले आजेसासरे. मग फत्तेसिंग आणि गोधडी. किमया हसायला लागली, आधी ओठ मिटून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वन्संनीही आपल्या धारच्या शेजाऱ्याचं काहीतरी सांगितलं. हसताना आमची बोटं परातीत एकमेकींत अडकत होती, कुणाचं बोट कुठलं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात किमया नाक वर-खाली करायला लागली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“आई,” ती म्हणाली, “माझं नाक खाजतंय. काहीतरी करा ना.”

माझे दोन्ही हात पुरणात. मी तशीच सरकले, दंडावरचा पदर तिच्या नाकाशी नेला आणि ती मांजरासारखं नाक घासत राहिली. “थोडं डावीकडे,” म्हणाली. मी डावीकडे सरकले. मला फार आनंद झाला, आणि तो लपवायला मी चिऊवर उगाच डाफरले की हात हलवत राहा.

शेव आली. दाराच्या फटीतून पुडा आत सरकला. वन्संनी स्वतः, डाव्या हातानं, मूठभर शेव परातीत घातली. चिऊनं ती नीट कालवली, सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, “आजी, रोज झूला भी.” मी म्हटलं, दिला. मग तिनं मोठ्या मनानं ‘पुरे’ म्हटलं. ते बोडण गल्लीतल्या गाईनं शेवेसकट चाटून-पुसून खाल्लं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या फाटकासमोरून हलली नाही.

जेवणं आटोपली. पुरणपोळ्यांचा डबा वर जयाकडे गेला. चिऊ झोपाळ्यावर जाऊन बसली. मी ओटा पुसत होते, मागे किमया येऊन उभी राहिली. सवयीनं विचारलं, काही हवं का? आणि सवयीनंच उत्तराची वाट न बघता फडकं पिळायला लागले.

“हो,” ती म्हणाली. “मला झोपायचंय. चिंटू झाल्यापासून मी सलग दोन तास झोपलेली नाही. त्याला तुम्ही घ्या, कितीही रडला तरी माझ्याकडे आणायचं नाही. मला कुणी उठवायचं नाही, चहालाही नाही. आणि ती गोधडी काढून द्या. झोप चांगली लागली तर मी ती बेंगळुरूला नेणार आहे.”

दोन वर्षांत एकाही पाहुण्यानं एका दमात इतक्या मागण्या केल्या नव्हत्या. ह्यांनी दारातून “हो जाए...” म्हणायला तोंड उघडलं. मी म्हटलं, “तुम्ही गप्प बसा. हे माझ्याकडे मागितलंय.” आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढले. ट्रंकेतून गोधडी काढली, एकदा झटकली आणि तिच्या हातात दिली.

दुपारभर घर चवड्यांवर चाललं. वन्संचं घोरणं मी दोनदा थांबवलं, झोपाळ्याच्या कड्यांत तेल घातलं, चिंटूला खांद्यावर घेऊन ओसरीवर शंभर फेऱ्या मारल्या. पाच वाजता परचुरे वहिनी फोडणीचा डबा परत द्यायला आल्या, त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. आतून काहीच आवाज येत नव्हता. मला वाटलं, उठेल, गोधडीची घडी घालेल, पायाशी ठेवेल, आणि पुन्हा होती तशी होईल.

टेकडीवर दिवे लागले तेव्हा आतून हाक आली. माझ्या सुनेचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

“आई, चहा!”

उठायला काय झालं हिला, असं मी मोठ्यानं म्हटलं, चिंटूला ह्यांच्याकडे दिलं आणि आलं किसायला घेतलं.