ओळखीचा आवाज

"तू दुपारचं हवामान सांगतेस, एनिफा. सकाळच्या बातम्या म्हणजे वेगळंच काम," न्यासुलू मॅडम म्हणाल्या. "तो अनुभव कुठाय तुला?"

ब्लांटायरच्या त्या लहानशा रेडिओ केंद्रात मुख्य निवेदकाची नवी जागा भरायची होती. एरवी एनिफा 'बरं, मॅडम' म्हणून उठली असती. आज ती खुर्चीतून हलली नाही.

"सकाळच्या बातम्या मीच लिहिते, मॅडम."

"मग चिकोपाबाबा काय करतात?"

चिकोपा हे केंद्रातले सर्वांत जुने निवेदक; सकाळच्या बातम्या तेच सांगत, आणि सगळेच त्यांना बाबा म्हणत. बाबांची नजर जवळजवळ गेली होती, आणि हे केंद्रात तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी लवकर येऊन ती त्यांना बातम्या वाचून दाखवी. ते डोळे मिटून ऐकत आणि मग माइकपुढे नुसता कागद धरून घडाघडा बोलत. माइकसमोर श्वास कुठे घ्यायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. "थोडं थांब, पोरी. तुझं नाव मीच पुढे करीन," असं ते नेहमी म्हणत. ती थांबत आली होती.

"त्यांना अक्षर दिसत नाही, मॅडम. मी वाचते, ते पाठ करतात."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"आज तुम्ही विचारलंत."

जागा तिला मिळाली. बाबांना घरी बसवलं. निरोपाला भात-कोंबडी झाली. सगळ्यांसमोर बाबा एवढंच म्हणाले, "डोळे दमले माझे. कान शाबूत आहेत. एनिफाला ऐकत जाईन." मग चाचपडत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

घरी बहीण वैतागली. "खोटं बोललीस का तू?"

"नाही."

"दुसऱ्याचं हिसकावलंस?"

"नाही गं. माझंच होतं."

"मग जेव की नीट! न्सिमा गार झाला."

महिन्याभराने बातम्या संपवून एनिफा बसथांब्यावर आली, तर तिथे बाबा उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात औषधाची पिशवी. एक मिनीबस थांबली, तसे ते शेजारच्या आकृतीकडे वळले.

"ताई, ही लिंबेला जाते का हो?"

एनिफाने तोंड उघडलं. एक शब्द बोलली असती तरी त्यांनी तिला ओळखलं असतं. ती नुसती मान हलवत राहिली. मग ते त्यांना दिसत नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

तिने त्यांचा दंड धरला, हळूच पायरीपाशी नेलं आणि हात दाराच्या दांडीवर ठेवून दिला.

"देव भलं करो, ताई," बाबा म्हणाले.

गाडी भरली आणि निघाली. लिंबेला तिलाही जायचं होतं. ती पुढच्या गाडीची वाट बघत उभी राहिली.