डिझेल, बर्फ आणि वाटे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो, रोशनी माझी जुनी विद्यार्थिनी. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात तिची आजी सरूबाई मासे साफ करते आणि रोशनी त्याचे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकते. लोक मासे पाहतात की सरूबाईची बडबड ऐकतात, कोण जाणे. जाहिरातींचे पैसे वर्षभर रोशनीच्या खात्यात जमत होते. ते तिच्या वडिलांच्या, बळवंतच्या, बोटीला नवं इंजिन घेण्यासाठी राखले होते. मासेमारीची पावसाळी बंदी जुलैअखेर उठणार होती.

जुलैच्या मध्यावर तिघं माझ्याकडे आली.

"सर," रोशनी म्हणाली, "मैत्रीण विचारते, कर भरलास ना? मला वाटलं भरला. व्हिडिओच्या कंपनीकडून पैसे कापूनच येतात."

"दलाल कापूनच देतो ना," सरूबाई म्हणाली. "मागून कोण येतो मागायला?"

त्यांची चूक कुठे होते ते मला कळलं. मासळीच्या लिलावात दलाल आपलं कापतो आणि व्यवहार तिथेच मिटतो.

"ते परदेशात कापलेलं," मी म्हटलं. "इथला कर आपणहून भरायचा. महिनाअखेर मुदत आहे. सरूबाई, बोट आली की आधी काय करता?"

"डिझेल, बर्फाचा खर्च काढायचा. उरलं त्याचे मालक-खलाशांत वाटे."

"इथेही तसंच. मोबाईल, दिवे, व्हिडिओसाठी घेतलेली मासळी, हा खर्च आधी वजा. उरलं त्यावर कर. फक्त पावत्या हव्यात."

"कोळणीकडं पावती मागा तुम्ही!" बळवंत हसला.

आकडा निघाला, सत्तेचाळीस हजार. बळवंतचं हसू गेलं. तेवढे काढले तर इंजिन येत नव्हतं.

"व्हिडिओचा पैसा कोणाला दिसतो, आये? जुनं इंजिन भर दर्यात बंद पडलं तर सरकार येणार काय ढकलायला?"

त्याची भीती खोटी नव्हती.

सरूबाईने हिशेबाचा कागद आपल्याकडे ओढला. "जाळी वाहून गेली त्या वर्सी खलाशांचे वाटे तू ठेवून घेतलेस काय रे?"

"त्यांनी काम केलं होतं!"

बळवंत माझ्याकडे वळला. "मास्तर, या सरकारनं काय काम केलं?"

"त्यावर तुझं-माझं एकमत व्हायचं नाही," मी म्हणालो. "पण वाटा ठरलेला आहे."

"मग झालं," सरूबाई म्हणाली. "दुसऱ्याचा वाटा घरात ठेवून बोट नाय सोडायची."

रोशनीने कर भरला. साकीनाक्याच्या एका कारखान्यातून मिस्त्री आला, त्याने जुनं इंजिन खोलून दुरुस्त केलं. बळवंत माझ्याशी बोलेना.

ऑगस्टच्या पहिल्या फेरीला बोट काळा धूर सोडत गेली. तिसऱ्या दिवशी परतायची होती, दुपार टळली तरी दिसेना. सरूबाई किनाऱ्यावर बसून येणाऱ्या प्रत्येक बोटीच्या इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत होती. रोशनी तिला चिकटून. मीही तिथेच. वाटा ठरलेला आहे म्हणणारा मीच होतो.

मग सरूबाई एकदम उठली. "आपलंच इंजिन हाय. खोकतंय बघ."

बळवंत उतरला, टोपली आईपुढे ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चालतंय. पुढल्या वर्सी नवीनच पायजे."

मग लेकीकडे वळला. "आणि पावत्या ठेव गं, आत्तापासून."