लिंबोणी का पिवळी पडली

"मन्मथ, विटा इथंच उतरव. उद्याच्याला भिंत वर न्यायची म्हंजे न्यायची!"

रत्नम्माचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत आला आणि आम्ही समजलो, प्रकरण हाताबाहेर गेलं.

उदगीरच्या अलीकडं आमचं गाव. रत्नम्मा आणि गोदावरीकाकू या दोघींच्या परसात मिळून कमरेएवढी एकच भिंत. तिच्यावरून विरजणापासून हरभऱ्याच्या भाजीपर्यंत सगळ्याची देवघेव चालायची. रत्नम्माची लिंबं आणि काकूंचा मसाला, असं लोणचं दरसाल व्हायचं आणि वाटी-वाटीनं आम्हा शेजाऱ्यांकडं यायचं. म्हणून सांगतो, भांडण त्यांचं असलं तरी नुकसान आमचं होतं.

झालं काय, तर रत्नम्माची लिंबोणी पिवळी पडली. पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी सगळं हळदीनं माखल्यागत. फूल धरेना. त्यातच रत्नम्माला भिंतीच्या बुडाला एक भोक दिसलं. काकूंच्या धुण्याचं पाणी कधीमधी तिथून झिरपायचं.

"साबणाचं पाणी सोडून माजी लिंबोणी मारली त्या बाईनं!"

काकू उलटून एक शब्द बोलल्या नाहीत. भिंतीकडं पाठ करून भाजी निवडायला लागल्या. हे न बोलणं रत्नम्माला शिवीपेक्षा जास्त झोंबलं. मग भिंत पुरुषभर उंच करायची ठरली आणि मन्मथ मिस्त्री विटा घेऊन आला.

रत्नम्माची सून दामिनी उदगीरच्या शाळेत विज्ञान शिकवते. काकूंचा तिला लळा. तिला राहवेना.

"आत्या, भिंत बांधा, पण आधी माती तर तपासू."

"मातीला काय तपासायचं? काळीभोर हाय की."

"रंगानं काळी हो. पण आंबट आहे का चुन्यावाणी, ते बघू."

"मग जिभंला लाव!"

दामिनी हसली आणि पर्समधून कागदी पट्ट्यांची डबी काढली. भिंतीलगत, झाडाच्या बुंध्याशी आणि पलीकडं मोकळ्या जागेत तिनं वीतभर खोल उकरलं. खडे वेचून माती वेगवेगळ्या पेल्यांत घातली. रत्नम्मानं बोअरच्या पाण्याची बादली पुढं सरकवली.

"ते नको, जड पाणी आहे, त्यानंच रंग बदलेल. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलंय."

"झाडाला आता बॅटरी बसवतीस का काय?"

तोवर निम्मी गल्ली गोळा झाली होती. काकूंची पाठ अजून आमच्याकडंच होती, पण मान वळली होती. दामिनीनं माती ढवळली, गाळ खाली बसू दिला आणि वरच्या पाण्यात एकेक पट्टी बुडवत सांगितलं, "पट्टी हिरवी झाली तर माती बरी. जेवढी निळी, तेवढी चुन्यावाणी."

मोकळ्या जागेची पट्टी हिरवट. भिंतीजवळची किंचित निळसर. बुंध्याजवळची मात्र शाईत बुडवल्यागत गर्द निळी.

"आत्या, पाणी भिंतीकडून येतं ना? मग जास्त खराब भिंतीजवळची व्हायला पाहिजे. काकूंचा दोष नाही यात. जे काय आहे ते बुंध्याशीच आहे."

मन्मथनं थापीनं बुंध्याशी उकरलं. खाली करडा थर लागला, त्यात कोळशाचे तुकडे.

"राख हाय की ही!"

सगळ्यांच्या नजरा आधी न्हाणीजवळच्या बंबाकडं गेल्या आणि तिथून रेवणप्पांकडं. त्या घरात पहाटे उठून बंब पेटवणारं माणूस एकच, रत्नम्माचे मालक. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे लावून ते आभाळाकडं बघत उभे होते.

"मामा? राखेनंच माती चुन्यावाणी होते आणि झाड पिवळं पडतं," दामिनी म्हणाली.

"अगं, राख म्हंजे भस्म! महादेवाच्या अंगाला चालतंय, लिंबोणीला कामून चालत न्हाई? झाड मलूल दिसलं म्हून घमेलंभर टाकली. आनखी पिवळं पडलं, आनखी टाकली."

रत्नम्मानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. कितीतरी दिवसांनी आम्ही तो ऐकत होतो.

"रेवणप्पा, माझ्या कढीपत्त्याच्या बुडाशी पण राख तुम्हीच टाकली का हो?"

"हाव, वैनी. तुमचाबी सुकलेला दिसला. शेजारधर्म म्हून पहाटं भिंतीवरनं..."

"अहो देवा! मी समजले, रत्नम्मा राग काढून राहिली. म्हणून तर तोंड शिवून बसले होते!"

रत्नम्मा भिंतीशी गेली. "गोदाताई, चुकलं माजं. लई वाईट बोलले मी."

"मीही मनात तेच बोलत होते. फक्त ऐकू येत नव्हतं," काकू म्हणाल्या आणि भिंतीवरून तिचा हात धरला. मला फार बरं वाटलं, नुसतं लोणच्यासाठी नव्हे.

मन्मथच्या विटांचं लिंबोणीभोवती आळं झालं. भोक बुजवलं. राख उपसून दामिनीनं शेणखत, पालापाचोळा आणि मातीचा चुना उतरावा म्हणून चिमूट चिमूट गंधक घातलं. हळूहळू नवी पालवी आली, ती हिरवीगार. मग फुलं आली, पुढं लिंबंही धरली.

परवा सकाळी मी लोणच्याची वाटी घ्यायला गेलो, तर दोघी भिंतीला टेकून गप्पा मारत होत्या आणि रेवणप्पा भरलं घमेलं घेऊन परसाच्या मधोमध अडकले होते.

"अगं, पर आता ही टाकू तरी कुठं?"

दोघींनी वळूनही बघितलं नाही.

"कपाळाला लावा!" रत्नम्मा म्हणाली.

"उरली तर सांगा," काकू म्हणाल्या, "माझ्याकडं मात्र टाकू नका."