कंसात काहीच नव्हतं

"मॅडम, कंसात मी काहीच लिहिलेलं नाही. तरी संगणक चूक दाखवून म्हणतोय, एक दिलंय. ते दिलं कोणी?"

विचारणारे माझे बाबा होते. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री. कंपनीनं लिफ्टांची देखरेख संगणकावर नेली आणि बारा जुन्या मिस्त्र्यांना पायथन ही संगणकाची भाषा शिकायला आमच्या संस्थेत धाडलं. कंपनीच्या परीक्षेत जो नापास होईल त्याची रवानगी गोदामात. शिकवायला नेमकी मी. वर्गात ओळख दाखवायची नाही, असं बाबांनी घरीच बजावलं होतं.

मी पुस्तकी उत्तर दिलं. मेथड म्हणजे क्लासमधलं फंक्शन, आणि सेल्फ म्हणजे ती ज्या ऑब्जेक्टवर चालते ते ऑब्जेक्ट. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. दोन दिवस हेच चाललं होतं. गोदाम बरं, तिथे पंखा तरी आहे, असंही कुणीतरी पुटपुटलं.

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांनी 'लिफ्ट' नावाचा क्लास, म्हणजे लिफ्टचा साचा, लिहिला होता, त्यात 'वर जा' ही मेथड, आणि त्या क्लासच्या दोन लिफ्ट, डावी आणि उजवी. मग सावकाश बोलू लागले.

"वर जायची रीत एकदाच लिहिलीय, दोघींना मिळून. पण डावी तिसऱ्या मजल्यावर आहे, उजवी तळाला. डावीला 'वर जा' म्हटलं, तर कुणाचा मजला वाढवायचा हे त्या रीतीला कळणार कसं? म्हणजे डावी स्वतःच आत जाते. मी न लिहिता. तीच ती एक. आणि मी तिला आत जागाच ठेवली नव्हती."

त्यांनी मेथडच्या कंसात सेल्फ लिहिलं. मजल्याच्या आधीही सेल्फ आणि टिंब टाकलं. डावी चौथ्यावर गेली. उजवी जागची हलली नाही.

पाच वर्षं मी हे शिकवत होते, पण इतकं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं. हे माझे बाबा आहेत, असं ओरडून सांगावंसं वाटलं. तोंडातून एवढंच आलं, "बरोबर आहे, मिस्त्री."

चहाच्या सुट्टीआधी बाराही जणांच्या लिफ्ट चालल्या. शेजारचा अडला की बाबा उठून त्याच्या खुर्चीमागे जायचे, पण कीबोर्डला हात लावायचे नाहीत. त्यालाच विचारायचे, "कुणाचा मजला?"

महिन्याने निकाल आला. बाराही पास, बाबा चौथे. कागद हातात घेऊन मी वर्गात शिरले, तर कुणी काही सांगायच्या आत बाबा उठून उभे राहिले. मग एकेक करून सगळेच.

'बसा' म्हणायला मला जरा वेळ लागला.