दुसऱ्या साक्षीदाराचा रकाना

साडेदहाला इस्पितळात पोचायचं होतं आणि बाबा गच्चीवर जाऊन उभे होते. जिने चढायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. त्यात रिपोर्ट आहेत ना, हे मी तिसऱ्यांदा पाहिलं आणि धावतच वर गेले.

"ये, लवकर ये!" त्यांनी दुर्बीण माझ्यापुढे धरली. "पिवळ्या भुवईचा वटवट्या! कुठल्या कुठे राहणारा पक्षी, वाट चुकून आपल्या कुंपणावर!"

"बाबा, ओठ निळे पडलेत तुमचे. खाली चला."

"चलतो गं. पण पक्षिमंडळ एकट्याचं म्हणणं मानत नाही. फॉर्मवर दुसरा साक्षीदार लागतो. एकदा बघ आणि सही ठोक."

मी दुर्बीण लावली. पानांआड अंगठ्याएवढा हिरवट जीव सारखा पंख झटकत होता. डोळ्यावर पिवळी भुवई, पंखावर दोन फिकट पट्ट्या. अगदी स्पष्ट. हो म्हटलं असतं तर बाबा तासभर तिथून हलले नसते.

"साधी चिमणी आहे," मी म्हणाले.

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासून चष्मे बनवले. माझे डोळे दरवर्षी तपासायचे. स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र पुढे ढकलत राहिले. त्यांनी दुर्बीण माझ्या हातून घेतली.

"तक्त्याची शेवटची ओळ वाचणारी तू. म्हणजे चष्मेवाल्यालाच आता कोणी तरी तपासायला हवं," म्हणत हसले आणि मुकाट जिना उतरले.

आम्ही दहा मिनिटं आधीच पोचलो. दुसऱ्या दिवशी हृदयाची शस्त्रक्रिया चालू असतानाच बाबा गेले.

इस्पितळातून परत मिळालेली पिशवी मी आठवडाभर उघडली नाही. काल ती घेऊन बाबांच्या चष्म्याच्या दुकानात आले, तपासणीच्या खुर्चीत बसले आणि उघडली. रिपोर्टांमध्ये तो फॉर्म होता. तारीख, वेळ, भुवई, पट्ट्या, सगळं नेटक्या अक्षरात. त्यावर पट्टीने मारावी तशी सरळ आडवी रेघ. खाली लिहिलं होतं : 'पाहण्यात माझी चूक. मुलीची नजर चांगली आहे.'

दुसऱ्या साक्षीदाराचा रकाना कोरा होता. पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. समोर अक्षरांचा तक्ता. त्याच्या शेजारी, बाबा छडी घेऊन उभे राहायचे ती जागा.

"दिसला होता, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "भुवईसकट दिसला होता."